धोवणाच्या बरण्या

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१९ ऑगस्ट २०२५

आदिती,

जाताना दारात बॅग धरून काय म्हणालीस ते ध्यानात हाय. "अण्णा, आता फोन करू नका. तुम्ही ओरडता, मग मी ओरडते. काही सांगायचं असेल तर लिहून पाठवा. कागदावर ओरडता येत नाही." आणि नंबर ब्लॉक केलास. बापाचा नंबर! म्हणून आज कागद घेऊन बसलोय. शाळा सुटल्यापासनं गिऱ्हाइकाच्या पावतीशिवाय काय लिहिलं न्हाय, त्यामुळं अक्षराला हसू नकोस. आज जरा जास्तच वाकडं येतंय, कारण उजव्या हाताला चिंधी बांधलीय. काचेनं कापलं. विशेष काय न्हाय.

हितं सगळं बरं हाय. गणपती तोंडावर आलाय, गल्लीत मांडवाच्या वाशांनी चालायला जागा न्हाय. तालमीची पोरं उरलेल्या जागेत फुटबॉल खेळत्यात आणि बॉल आपल्याच पत्र्यावर मारत्यात. आजऱ्याहून आक्कानं काजू धाडलेत. तुझ्या वाटणीचे डब्यात भरून ठेवलेत, मी एकबी खाल्ला न्हाय. बरं, दोन खाल्ले.

तू बंगलोरला गेल्यावर मी चांदी आटवायच्या खोलीला कुलूप लावून गप बसीन असं तुला वाटलं आसंल. बसलो न्हाय. भंगारवाल्याकडनं कीबोर्ड, जुने रिले, मीटरातले कॉन्टॅक्ट आणले. तू दाखवलंस तसंच केलं. चांदी सोडवली, तेजाबात विरघळवली, मग ती तुझ्या त्या अमोनियाच्या पाण्यात घालून त्यात चिनीमातीचे पांढरे मणी भिजवले, वाळवले, भट्टीत घातले. मणी असे उतरलेत म्हणून सांगू, बघितलंस तर तुझी बोलती बंद होईल. तुझे मणी घ्यायला बघणाऱ्या बडोद्याच्या त्या प्लास्टिकवाल्यांना म्हणावं, हे घ्या तुमचं कॅटॅलिस्ट. खाणीतनं न्हाय, पेठेतल्या भंगारातनं काढलंय. आणि भट्टीला कोळसाबी कमी लागला.

ते काय असतं म्हणून मला कुणी विचारलं तर मी आपल्या आक्काचं उदाहरण देतो. आक्का दोघांची लग्नं जुळवती, जेवून घरी येती, स्वतः हाय तशीच. तुझे मणी तसेच. गॅसचं लग्न लावून देत्यात, त्यातनं बाटल्यांचं प्लास्टिक हुतंय, चांदी हाय तेवढीच. बरोबर सांगतो ना?

आता एक विचारायचं हाय. रागवू नकोस.

तुझं-माझं भांडण कशावरनं झालं ते तुला ठाऊक हाय. बडोद्याची माणसं खोलीत उभी होती आणि तू मणी धुतलेलं पाणी बादलीत ओतून त्यात आम्ल घालायला लागलीस. मी ओरडलो. "चार पिढ्या हुपरीच्या चांदीवर जगलो, कारागिरानं हात धुतलेलं पाणीसुद्धा हौदात साठवलं, दारातलं पायपुसणं जाळून त्यातली चांदी काढली, आणि ही माझी पोरगी चांदी गटारात घालाय लागली!" तू म्हणालीस की ती जात न्हाय, खाली बसते, पण धोवण त्याच संध्याकाळी आम्ल घालून मारायचं म्हणजे मारायचं. का, ते तू सांगाय लागलीस तर मी ऐकून घेतलं न्हाय. माझाच आवाज मोठा.

तर झालंय असं की मी धोवण मारलं न्हाय. साठवलं. तुझ्या आईच्या पापडाच्या काचेच्या बरण्या होत्या ना माळ्यावर, त्यातच. दिवाळीला हौदाचा गाळ काढतात तसा एकदम काढू म्हणलं. झाकणं घट्ट लावून फळीवर ओळीनं मांडल्यात. आता त्यांच्या आत काठाला काळं काळं कडं धरलंय. एक बरणी फुटली, तिचंच हाताला लागलं.

ते काळं काय असतं गं? त्याला काय करायचं?

लवकर कळव. मी भ्यालोय असं न्हाय. जरा भ्यालोय.

तुझा अण्णा


२२ ऑगस्ट

आदिती,

शेजारची अनुजा कामावरनं पळत आली आणि मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. तुझा निरोप मी तिथंच उभ्यानं वाचला. "खोलीत जाऊ नका. बरण्यांना हात लावू नका. उघडू नका, हलवू नका, पाणीसुद्धा ओतू नका. ते काळं म्हणजे चांदी नाही, अण्णा. वाळलं की नुसत्या स्पर्शानं उडतं. कोणाला खोलीत जाऊ देऊ नका. मला लगेच फोन करा."

निरोप पुन्हा एकदा वाचला आणि मोबाइल अनुजाला परत दिला.

मग तू तिच्या मोबाइलवर फोन केलास, तिनं माझ्या हातात दिला, मी तिला परत दिला. बापाला अजून राग हाय असं समजू नकोस. राग कधीच गेला. फोन घेतला असता तर पुन्हा ओरडलो असतो, एवढंच. कागद बरा. आता अनुजा ह्या कागदाचा फोटो काढून तुला धाडंल, म्हणजे कुरिअरची वाट बघायला नको. वाचायचं न्हाय असं तिला बजावलंय. ती म्हणती, काका, तुमचं अक्षर मला वाचताच येत नाही.

तू विचारलंयस, बरणी कशी फुटली. मागल्या खेपेला मी "फुटली" लिहून सोडून दिलं. आता सांगतो. तू लांब हायस म्हणून सांगायला धीर होतोय.

त्या काळ्या कड्याला मी चांदी समजलो. मनात म्हणलं, बघ, पोरगी गटारात घालत होती, आणि हितं आपोआप कड धरून बसली. एक बरणी उचलून टेबलावर आणली, झाकण काढलं आणि चमच्यानं काठ खरवडला. नुसता टेकवला म्हण. पुढचं मला काय आठवत न्हाय. म्हणजे आठवतंय, पण आवाज आठवत न्हाय. पांढरं झालं सगळं. मी भिंतीकडं फेकला गेलोतो. चमचा कुठं गेला ते अजून सापडलं न्हाय. बरणीचा चुरा झालाता, तुकडे माझ्या हातात आणि थोडे गालात. डोळे वाचले. कसे वाचले ते भगवंताला ठाऊक.

आणि फळीवरच्या बाकीच्या बरण्या जागच्या जागी. एक हललीसुद्धा न्हाय. मी त्यांच्याकडं बघत रांगत दारापातुर आलो, दार ओढून कुलूप घातलं, आणि तेव्हापासनं आत गेलो न्हाय. गल्लीला गणपतीचा फटाका वाटला. आयुष्यात असा भ्यालो न्हाय, आदिती. तुझी आई गेली तेव्हाबी न्हाय. तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलतं. हे व्हायचं हाय.

तू म्हणतीस, पोलिसांना कळवा, त्यांच्याकडं ह्याचं पथक असतं. कळवतो. दोन दिवसांत कळवतो. गल्लीत सांगायला तोंड न्हाय मला. चार पिढ्यांत आपल्या उंबऱ्यावर पोलीस आलेला न्हाय.

एक भीती तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगता येत न्हाय. खोलीत उंदीर हायत. तुला ठाऊक हाय, आपल्या जैनांत कधी औषध घातलं न्हाय, पिंजरा लावला न्हाय, जीव हाय म्हणून सोडून दिलं. ते त्या फळीवरनं पळत्यात. मी सकाळी खोलीच्या मोरीच्या भोकापाशी बाहेरनं ज्वारी आणि गूळ ठेवून बसतो. एकेक बाहेर येतो, खातो. खाऊन परत आत जातो की मी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणतो.

जेवणाचं विचारू नकोस. अनुजा डबा देती, तिला वाईट वाटू नये म्हणून खातो.

अण्णा


२५ ऑगस्ट

आदिती,

तुझे एवढे निरोप आले आणि मी प्रत्येकाला "कळवतो, कळवतो" असं उत्तर धाडलं. कळवलं नव्हतं. आज सगळं उघड झालं. कसं झालं ते सांगतो, लाज वाटती पण सांगतो.

दुपारी मी दारात बसलोतो. मांडीवर पाण्याचा तांब्या होता. बघतो तर पाण्यावर बारीक बारीक लाटा. म्हणलं, हात कापतोय का काय माझा? तांब्या खाली फरशीवर ठेवला. तरी लाटा. भिंतीला हात लावला, भिंत थरथरत होती. छातीतबी धडधड, आणि ती माझी न्हवती. मग कळलं. तालमीनं डॉल्बी आणून लावलाता, मिरवणुकीच्या आधी चालवून बघत होते.

मी कसा पळालो ते मला ठाऊक न्हाय. पायात चप्पल न्हवती. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे आदर्श. लहानपणी ज्याचा फुटबॉल मी विळीनं कापलाता तोच. तो मला बघून हसला. दरवर्षी मी शिव्या द्यायला येतो ना. त्यानं हातानंच खूण केली, बसा अण्णा, वडापाव खावा. मी हात जोडले. तो हसायचा थांबला, त्यानं डॉल्बीवाल्याला बंद करायची खूण केली.

मी त्याला बाजूला घेतला. खांद्यावर हात टाकला, कानाजवळ तोंड नेलं आणि अगदी हळू, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. बरण्या, काळं कडं, फुटलेली बरणी, सगळं. म्हणलं, बाबा, कुणाला कळू देऊ नको, माझी अब्रू तुझ्या हातात हाय.

वर बघतो तर अख्खी गल्ली दारात. पीठ लागलेल्या हातानं बायका उभ्या. पोरांनी बॉल पायाखाली धरून ठेवलेला. आदर्शनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मग मोबाइल काढून त्यावर लिहिलं आणि मला दाखवलं. "अण्णा, तुमी वरडताय. सगळ्यांनी ऐकलंय."

तर हे असं हाय, आदिती. मला ऐकू येत न्हाय. बरणी उडाली तेव्हापासनं. एका कानात शिट्टी वाजती, दुसऱ्यात तीबी न्हाय. तुझा फोन घेतला न्हाय तो ह्यामुळं. अनुजा जे बोलती ते मी तिच्या ओठांवरनं आणि अंदाजानं ओळखतो, आणि उरलेलं ती लिहून दाखवती. तिला मी शपथ घातलीती. तिला बोल लावू नकोस.

आपल्या भिंतीला भिंत लागून बनाबाईचं घर हाय. तिच्या नातीचा पाळणा आपल्याच भिंतीत गेलेल्या आढ्याला टांगलाय. मला हे ठाऊक होतं. इतके दिवस ठाऊक होतं आणि मी अब्रूला जपत बसलोतो. बनाबाई माझ्यापुढं आली आणि काय काय बोलली. मला एक अक्षर ऐकू आलं न्हाय. पण तोंड दिसत होतं की तिचं. नंतर अनुजाला विचारलं, काय म्हणाली ती? अनुजानं लिहून दिलं न्हाय.

पण पुढचं ऐक. आदर्शनं एकालाबी पळापळ करू दिली न्हाय. एकेक घर रिकामं केलं. पोरांनी पाळणा सोडून नेला, म्हाताऱ्यांना उचलून नेलं. सगळे चपला हातात घेऊन चालले. चप्पल वाजून काय होत न्हाय असं तू म्हणशील, पण भ्यालेल्या माणसाला सांगणार कोण? गॅसच्या टाक्या हातावर उचलून बाहेर काढल्या. आदर्शनंच पोलिसांत फोन केला. साहेब येऊन लांबनं बघून गेले, गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोर बांधला. पथक बाहेरगावहनं यायचं हाय, बुधवारी दुपारी येतंय म्हणाले. तोवर गल्लीत कुणी पाऊल टाकायचं न्हाय.

मी दोराबाहेर, तालमीच्या कट्ट्यावर बसून हाय. आपल्या खोलीचं दार हितनं समोर दिसतं. आदर्शनं घोंगडं आणून दिलंय. ज्याचा बॉल मी कापला त्यानं.

अण्णा


२६ ऑगस्ट

आदिती,

तुझा निरोप वाचला. नको. नको येऊस. पाया पडतो.

मला ठाऊक हाय तू का येतीस. तू लिहिलंयस, "पथकाची माणसं येऊन अख्खी खोली उडवून देतील, माझं दोन वर्षांचं काम त्या खोलीत आहे, भट्टी, मणी, सगळं. बरण्या कशा निकामी करायच्या ते मला माहीत आहे, मी त्यांच्या आधी पोचते आणि आत जाऊन बघते. प्रक्रिया माझी, जबाबदारी माझी."

तुझी न्हाय. तू सांगितलंस ते मी ऐकलं न्हाय, मग तुझी कशी? मणी जाऊ देत. भट्टी जाऊ दे. बडोद्याची माणसं जाऊ देत. भंगार काय संपत न्हाय ह्या जगातलं, पुन्हा कर. पण तू पुन्हा होणार हायस का?

आणि तुला ठाऊक नसलेलं एक हाय. तेच महत्त्वाचं. नीट वाच.

तू गेलीस तेव्हा फळी आतल्या भिंतीला होती. आता तिथं न्हाय. जुलैत त्या भिंतीला ओल आली म्हणून मी फळी काढली आणि दाराच्या भिंतीला ठोकली. अगदी चौकटीला लागून. खिळे चौकटीतच गेलेत. दार पावसानं फुगलंय, खांदा लावल्याशिवाय उघडत न्हाय. त्या दिवशी मी बाहेर आलो तेव्हा ते अर्धवट लागलेलं होतं, मी ओढलं तर फळीवरच्या बरण्या एकमेकींवर किणकिणल्या असतील, मला ऐकू आलं न्हाय एवढंच. उघडताना ढकलावं लागंल. ढकललं की चौकट हलती, चौकट हलली की फळी.

तुझ्याकडं खोलीची दुसरी किल्ली हाय. त्या किल्लीचंच मला भ्या वाटतंय. कुलूप बदलावं म्हणलं तर कडीला हात लावायची कुणाची छाती होत न्हाय, आणि मी लावू देणारबी न्हाय.

पोलिसांना मी फळीचं लिहून दिलंय. ते दारानं जाणार न्हायत, पत्रा काढून वरनं बघणार. त्यांच्याकडं यंत्र हाय म्हणे. तुला काय सांगायचं ते त्यांना सांग, लांबनं सांग, दोराच्या बाहेरनं. तुझं ते ऐकतील. माझ्यासारखे न्हायत ते.

आज संध्याकाळी तालमीचा गणपती आला. मागच्या गल्लीनं, हातगाडीवर, चाकांना पोती बांधून. डॉल्बी पुन्हा लावलाच न्हाय. मला ऐकू येत न्हाय म्हणून मी भिंतीला हात लावून बसलोतो. भिंत गप होती. पोरांची तोंडं बघितली, एकाचंबी उघडं न्हवतं. गुलालबी न्हाय. ह्या पेठेत असा गणपती आलेला मी तरी बघितला न्हाय. बनाबाई नातीला काखेत घेऊन उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय. बघू नये.

आदिती, परवापासनं आपलं दशलक्षण पर्व सुरू. क्षमावाणीला अजून अवकाश हाय. तेव्हा सगळ्यांसंगं तुलाबी 'क्षमा कर' म्हणलो असतो, दरवर्षी म्हणतो तसं, तोंडदेखलं. आता थांबायचं धाडस न्हाय. मी तुझं ऐकून घेतलं न्हाय. चारचौघांत तुझा अपमान केला. तुझ्या आईच्या बरण्यांत मरण भरून ठेवलं. मला क्षमा कर. आणि येऊ नकोस.

हितवर लिहिलेल्याचा फोटो अनुजानं धाडलाय. एकच टिक आलीय. पुन्हा धाडला, पुन्हा एकच. ती म्हणती, फोन बंद असेल, चार्जिंग गेलं असेल, बसमध्ये असेल.

बसमध्ये हायस का तू?

अण्णा


गणेश चतुर्थी, २७ ऑगस्ट, सकाळ

आदिती,

थांब. किल्ली काढू नकोस. काढली असशील तर मुठीत धर. आधी हा कागद सगळा वाच. दाराला टेकू नकोस.

हा कागद मी माझ्या हातानं हितं लावलाय. खिळा ठोकला न्हाय. अनुजाच्या पोराच्या वहीला लावायची चिकटपट्टी मागून घेतली आणि दाराला हात न लागता कडेच्या दगडी भिंतीला चिकटवला. पोलिसांची नजर चुकवून दोराखालनं हितवर यायला मला किती वेळ लागला ते आदर्शला विचार.

दोराच्या पोलिसांना तुझा फोटो दाखवलाय. पण तुला लहानपणापासनं ह्या गल्लीच्या बोळी ठाऊक हायत. बनाबाईच्या परसातनं, नळाच्या आडोशानं, तू कुठनंबी येशील आणि थेट हितं उभी राहशील. तू माझी पोरगी हायस, कुणाचं ऐकणार न्हायस हे मला पटलंय. म्हणून हा कागद.

फळी ह्याच दाराच्या भिंतीला हाय. तू समजतीस तिथं न्हाय. चौकटीत खिळे हायत. दार ढकललंस तर फळी हलंल. एवढंच ध्यानात ठेव. बाकी काय वाचलं न्हायस तरी चालंल.

तू म्हणशील, मग अण्णा, तुम्ही इथं दारात का उभे नाही? मला अडवायला कागद का लावला?

कारण मला माझा आवाज कळत न्हाय आता. हळू बोललो असं मला वाटतं आणि अनुजा कानावर हात ठेवती. तुला ह्या दारात बघितलं की माझ्या तोंडातनं काय बाहेर पडंल आणि केवढ्यानं, त्याचा मला भरवसा न्हाय. तू दचकशील. किल्ली हातात असेल. मागं सरायच्या ऐवजी दारावर हात टेकवशील. रात्रभर मी हेच बघत बसलोय डोळ्यांपुढं. आदर्श म्हणाला, मी पकडतो तिला. त्यालाबी न्हाय म्हणलं. धरायला गेला तर तू हिसका देशील, तू कुणाला धरू देतीस व्हय? ओढाताण दाराशी नको.

तू म्हणाली होतीस ना, कागदावर ओरडता येत नाही. बरोबर होतं तुझं.

आता वाचून झालं असंल तर किल्ली खाली ठेवायची न्हाय, वाजंल. मुठीतच असू दे. हळूच मागं फिर. समोर दोरापलीकडं तालमीचा कट्टा हाय. घोंगडं पांघरून बसलाय तो मी. तू आल्यापासनं मी तुझ्याकडंच बघतोय. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलोय, उठून पळत यायला नको म्हणून. आदर्शनं माझा खांदा धरून ठेवलाय.

हाक मारू नकोस, मला ऐकू यायची न्हाय. नुसता हात वर कर. तेवढं मला दिसतंय.

मग ये माझ्याकडं. हळू ये. पळू नकोस.

अण्णा